घोट्याच्या टेंडनची दुखापत : एमआरआय झाल्यावर परत सोनोग्राफी कशाला?

सांगलीकर_ताई

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, कृपया शेवटपर्यंत वाचा. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो, चढाईपटू आहे. दिवाळीच्या आधी एका मॅचमधे चढाईला गेला असताना कोपरारक्षकानं घोटा धरला आणि हा तसाच मध्यरेषेकडे झेपावला, पाऊल मागे अडकलेलं आणि सगळं अंग पुढे. तेव्हाच घोट्याच्या बाहेरच्या बाजूला काहीतरी सटकल्यासारखं झालं म्हणतो. संध्याकाळपर्यंत पाय टम्म सुजला. एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नाही म्हणाले, लिगामेंटला मार बसलाय म्हणून स्लॅब (अर्धं प्लास्टर) घातला, तो निघाल्यावर घरी आईनं आंबेहळदीचा लेप, शेक, सगळं केलं. सूज उतरली पण आता नवीनच सुरू झालंय, जिना उतरताना किंवा पाऊल वर उचलून बाहेर फिरवलं की बाहेरच्या घोट्याच्या हाडामागे टक् असा आवाज येतो आणि कळ जाते. मी हात लावून बघितलं तर बोटाखाली काहीतरी सरकतंय असं मलाही लागलं.

मग एमआरआय केला. रिपोर्टमधे लिहिलंय की एटीएफएल या घोट्याच्या बाहेरच्या बाजूच्या लिगामेंटला ग्रेड १ म्हणजे सौम्य दुखापत, पेरोनियस ब्रेविस नावाच्या टेंडनमधे (टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सिग्नल वाढलाय म्हणजे ते उजळ दिसतंय, पार्शल स्प्लिट टेअर (अर्धवट उभी चीर) नाकारता येत नाही, टेंडनच्या आवरणात थोडं पाणी, आणि खाली ते नेहमीचं 'क्लिनिकली कोरिलेट करा', म्हणजे पेशंटला तपासून ताडून बघा. कोच म्हणतायत टेंडन फाटलंय म्हणजे ऑपरेशनच, सीझन गेला. दुसऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी पाऊल धरून हलवून बघितलं आणि 'डायनॅमिक सोनोग्राफी करून या' अशी चिठ्ठी दिली. घरी आता यावरून वाद चाललाय, बाबांचं म्हणणं की एवढे सात हजार घालून मोठी तपासणी केली, आता परत खालची तपासणी कशाला, आणि सोनोग्राफी तर पोटाची करतात ना. मलाही कळेना. एमआरआयमधे जे दिसलं नाही ते सोनोग्राफीत दिसणारे का? की डॉक्टर उगाच फिरवतायत? कुणाला अनुभव असेल, किंवा कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा, पोरगा रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन बसलाय.

निलेश_कोथरूड

एमआरआय म्हणजे फायनल असतो ताई, त्यापुढे सोनोग्राफीत काय दिसणार. पहिला कुठल्या मशीनवर केला ते बघा, १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद) असेल तर ३ टेस्लावर परत करा, चित्र क्लिअर येतं. माझ्या गुडघ्याच्या वेळी तसंच केलं होतं.

सोनो_डॉक

निलेशराव, गुडघ्याचं ठीक आहे पण इथे मी तसं करू नका म्हणेन. ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच बघतो. भावाला न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून दुसऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी अगदी नेमकी चिठ्ठी दिलीय असं माझं स्पष्ट मत आहे. थोडं लांबेल, पण नीट सांगतो.

बाहेरच्या घोट्याच्या हाडामागे एक उथळ खोबण असते. त्यातून दोन टेंडन खाली उतरतात, पेरोनियस ब्रेविस हाडाला चिकटून आणि पेरोनियस लाँगस त्याच्या मागे. ती खोबणीबाहेर येऊ नयेत म्हणून वरून एक पट्टा असतो, सुपिरियर पेरोनियल रेटिनॅक्युलम म्हणतात त्याला, पँटच्या लुपानं कंबरपट्टा धरून ठेवावा तसं त्याचं काम. पाऊल वर दुमडलेलं असताना या टेंडनचे स्नायू एकदम जोरात आवळले गेले, म्हणजे नेमकं तुमच्या भावाचं झालं तसं, की हा पट्टा हाडावरून उखडतो. मग टेंडन खोबणीतून उडी मारून हाडाच्या पुढे येतं आणि परत आत जातं. तो टक् आवाज बहुतेक त्याचाच. सुरुवातीला सूज इतकी असते की साधा लिगामेंटचा मुरगळा आणि हे यात फरक करणं अवघड जातं, त्यामुळे हे निदान पहिल्या फेरीत हुकणं आमच्याकडे नेहमीचं आहे.

आता एमआरआयमधे हे का दिसलं नाही? तिथे माणूस उताणा झोपतो, पाय कॉइलमधे (पायाभोवती बसवायच्या साच्यात) घट्ट बसवतात, वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. टेंडन त्या वेळी निवांत आपल्या खोबणीत बसलेलं असतं. जी गोष्ट फक्त हलताना घडते ती स्थिर चित्रात कशी सापडणार? पट्टा उखडल्याच्या खुणा एमआरआयमधे दिसू शकतात, पण त्या बारीक असतात आणि त्यासाठी बघणाऱ्याला माहिती हवी की शंका कशाची आहे. चिठ्ठीवर काय लिहिलं होतं पहिल्या वेळी? बहुतेक 'घोटा दुखतो' एवढंच असेल. ताई, हे मी पोटतिडकीनं सांगतोय, कारण आमच्यापर्यंत पेशंट येतो तेव्हा हातात तेवढाच कागद असतो. 'हाडामागे टेंडन सटकतं' असं लिहिलेलं असलं तर आम्ही त्याच जागी दहा मिनिटं जास्त घालवतो.

आता तो 'सिग्नल वाढलाय' वाला भाग, कारण कोच त्यावरूनच टेंडन फाटलं म्हणतायत. निरोगी टेंडन एमआरआयमधे सगळ्या चित्रांत काळं दिसतं. पण एक गोम आहे, तिला मॅजिक अँगल म्हणतात. मशीनच्या नळीत चुंबकाची मुख्य दिशा डोक्याकडून पायाकडे असते. पेरोनियल टेंडन पोटरीतून त्याच दिशेनं खाली येतं, तोपर्यंत काळंच. पुढे घोट्याच्या हाडामागून वळसा घालून ते तळव्याकडे वळतं, आणि वळताना कुठेतरी चुंबकाच्या दिशेशी ५५ अंशांचा कोन होतोच होतो. तेवढ्या तुकड्यात टेंडन धडधाकट असूनसुद्धा उजळ दिसतं, खास करून टी-वन आणि पीडी चित्रांत (टी-वन, टी-टू, पीडी ही एकाच तपासणीत वेगवेगळ्या सेटिंगनं काढलेली चित्रं). म्हणून तिथला उजळपणा टी-टू चित्रात टिकतोय का ते बघायचं. टिकला नाही तर तो कोनाचा खेळ. टिकला, आणि सोबत टेंडनचा आकारही बदललेला असला, तर खरंच फाटलंय. ब्रेविस उभं चिरलं की आडव्या छेदात ते चपटं होऊन बूमरँगसारखं लाँगसला कवेत घेतं, किंवा सरळ दोन तुकडे वेगळे दिसतात. तुमच्या रिपोर्टमधे आकाराबद्दल अक्षर नाही, नुसता सिग्नल आहे, त्यामुळे कोचना म्हणावं जरा थांबा. आवरणातलं थोडं पाणीसुद्धा चांगल्या पायात असू शकतं.

निलेशराव, ३ टेस्लावर चित्र सुबक येईल यात वाद नाही, पण कोन तोच राहणार आणि पाय तिथेही स्थिरच राहणार.

सोनोग्राफीत काय करतात तर वरवरचं बघणारा हाय फ्रिक्वेन्सीचा लिनिअर प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) बाहेरच्या घोट्यामागे आडवा ठेवतात, आणि पेशंटला सांगतात पाऊल वर घे, बाहेर फिरव, मी हातानं अडवतो तरी जोर लाव. टेंडन उडी मारत असेल तर स्क्रीनवर डोळ्यांसमोर मारतं. कधी कधी पट्टा शाबूत असतो आणि दोन टेंडन खोबणीतल्या खोबणीत एकमेकांच्या जागा बदलतात, आवाज तसाच येतो, तेही फक्त असंच सापडतं. दुसरा पाय लगेच शेजारी ठेवून तुलना करता येते हा अजून एक फायदा.

सोनोग्राफीचेही दोष आहेत, ते लपवत नाही. प्रोब टेंडनला काटकोनात नसला, जरा जरी तिरका झाला, तरी चांगलं टेंडन, जे सोनोग्राफीत उजळ दिसायला हवं, ते काळं पडतं आणि नवख्याला फाटल्यासारखं वाटतं. हाडाच्या आत काही दिसत नाही. घोट्याच्या सांध्यातल्या टॅलस हाडाच्या वरच्या कूर्चेला मार असेल तर सोनोग्राफीवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे एमआरआयच लागतो. म्हणून बाबांना सांगा की यात खालची-वरची तपासणी असं काही नाही. एमआरआयनं हाड, कूर्चा, लिगामेंट बघून दिलं, आता हलणारी गोष्ट हलवून बघायचीय.

एक काम आजच करा. पहिल्या दिवशीचा एक्स-रे असेल तर तो डॉक्टरांना परत दाखवा आणि बाहेरच्या घोट्याच्या कडेला हाडाची बारीक कपची सुटलीय का एवढं बघायला सांगा. पट्टा उखडताना कधी कधी हाडाचा पापुद्रा घेऊन येतो. दिसला तर निदान जवळपास तिथेच झालं.

सांगलीकर_ताई

डॉक्टर, किती आभार मानू. हे सगळं आम्हाला कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं. चिठ्ठी शोधली, खरंच 'राइट अँकल पेन' एवढंच लिहिलंय. एक्स-रे उद्या घेऊन जाते. आता प्रश्न असा की आमच्या फिजिओकडे सोनोग्राफीचं मशीन नाहीये, आणि इथल्या दोन सेंटरला फोन केला तर एक जण म्हणाले आम्ही फक्त पोट आणि गरोदरपणाची करतो, दुसऱ्यांना डायनॅमिक म्हणजे काय ते रिसेप्शनवर कळलंच नाही. आतेभाऊ जर्मनीत आहे, तो म्हणतो तिकडे ऑर्थोपेडिक डॉक्टर स्वतःच टेबलावर मशीन लावून बघतात. आपल्याकडे का नाही?

फिजिओ_कोल्हापूर

ताई, याचं उत्तर मी देते कारण हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी येतोच. आपल्याकडे सोनोग्राफीचं मशीन कुणीही विकत घेऊन टेबलावर ठेवू शकत नाही. १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे, गर्भलिंग चाचणी रोखण्यासाठीचा, त्यात प्रत्येक मशीन नोंदवावं लागतं, ज्या जागेसाठी नोंदवलंय तिथेच वापरावं लागतं आणि चालवणाऱ्या डॉक्टरची पात्रताही ठरलेली आहे. म्हणून मैदानावर प्रोब नेऊन खेळाडूचा घोटा बघणं, फिजिओनं क्लिनिकमधे स्कॅन करणं, हे बाहेरच्या देशांत दिसतं ते इथे होत नाही. काही जण यावर कुरकुर करतात, मी करत नाही. असा कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्रानं १९८८ साली केला होता आणि का करावा लागला ते आपल्या जिल्ह्यांतल्या मुलींचे आकडे ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. घोटा बघायला थोडं लांब जावं लागलं तर जाऊ.

पण त्याचा परिणाम असा झाला की सांधे-स्नायूंची सोनोग्राफी शिकलेले लोक मोठ्या गावांतच जास्त सापडतात. फोन करताना 'मस्क्युलोस्केलेटल सोनोग्राफी करता का, घोट्याच्या पेरोनियल टेंडनची, पाय हलवून' असं सरळ विचारा, आणि रिसेप्शनवर न थांबता डॉक्टरांशीच बोलायचंय म्हणा. कोल्हापूर, पुणे दोन्हीकडे करणारे आहेत. जाताना भावाला हाफपँट घालून न्या, क्रेप बँडेज सोडून न्या, आणि कुठल्या हालचालीला टक् होतं ती त्याला घरी नीट हेरून ठेवायला सांगा म्हणजे प्रोब ठेवल्यावर तो बरोब्बर तेवढीच हालचाल करून दाखवेल. मुद्दाम सतत सटकवत बसू नका मात्र! पोरं खेळ म्हणून मित्रांना दाखवत बसतात, त्यात टेंडन हाडाच्या कडेवर घासून घासून खरंच चिरतं.

तोवर धावणं बंद, उड्या बंद, घोटा ब्रेसमधे.

अण्णा_नगर

विषय टेंडनचा आहे म्हणून लिहितोय, जागा वेगळी आहे. आमच्या वडिलांचं वय ६८, छातीत कफ होता म्हणून लिवोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू होतं आणि सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या. देवळातून येताना एकदम मागे वळून बघितलं त्यांनी, टाचेच्या वर कुणीतरी काठी हाणली असं वाटलं म्हणे, मागे कुणीच नाही. जवळच्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनी पाऊल खाली दाबायला सांगितलं, वडिलांनी दाबलं, मग म्हणाले टेंडन ठीक आहे, मुरगळलंय, मलम लावा. बरेच दिवस लंगडत होते. पुढे एका सर्जननी पालथं झोपवलं आणि नुसती पोटरी हातानं दाबली. चांगल्या पायाचं पाऊल हललं, या पायाचं जागचं हललं नाही. तिथेच म्हणाले अकिलीस टेंडन तुटलंय. मग सोनोग्राफीत मधली फट दाखवली आम्हाला स्क्रीनवर. माझा प्रश्न असा की तुटलेलं असताना त्यांना पाऊल खाली दाबता कसं आलं? आणि तेव्हा एमआरआय न करता नुसत्या सोनोग्राफीवर निर्णय घेतला ते बरोबर होतं का? मनात राहिलंय माझ्या.

सोनो_डॉक

अण्णा, बरोबर होतं. पाऊल खाली दाबायला अकिलीसशिवाय बाकीची टेंडनही असतात, टिबियालिस पोस्टिरियर, बोटं वाकवणारी, ही पेरोनियल सुद्धा. ताकद कमी पडते, चवड्यावर उभं राहता येत नाही, पण झोपून पाऊल हलवता येतं आणि तिथेच फसगत होते. सर्जननी केली ती थॉम्पसन टेस्ट, शंभर वर्षं जुनी नसली तरी एमआरआयच्या आधीची आहे आणि आजही पहिली तीच करायची.

अकिलीस कातडीच्या लगेच खाली असतं, जाड असतं, त्यामुळे सोनोग्राफीत झकास दिसतं. बहुतेक वेळा टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर तुटतं, तिथे रक्तपुरवठा तोकडा असतो. सोनोग्राफीत अजून एक गोष्ट बघतात, पाऊल खाली ताणून धरल्यावर तुटलेली टोकं एकमेकांना भेटतात का, कारण भेटत असतील तर खास आधाराच्या बुटात किंवा प्लास्टरमधे ठेवून जुळण्याची आशा असते. हेही हलवूनच बघायचं. एमआरआय तेव्हा लागतो जेव्हा तपासणी आणि सोनोग्राफी जुळत नाहीत, किंवा दुखणं जुनं आहे आणि सर्जनना टोकं किती मागे सरकलीत, पोटरीचा स्नायू किती सुकलाय ते ऑपरेशनआधी हवंय.

औषधाचंही बोललात ते फार महत्त्वाचं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्यांवर अमेरिकेच्या एफडीएनं टेंडन तुटण्याचा ठळक इशारा २००८ मधे छापायला लावला. साठीच्या पुढे आणि सोबत स्टिरॉइड असेल तर धोका जास्त. आपल्याकडे या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून घेतात लोक, टाचेच्या वर दुखायला लागलं तर लगेच डॉक्टरांना कळवा, थांबू नका.

निलेश_कोथरूड

डॉक्टर, हार्दिक पंड्याचं २०२३ च्या वर्ल्डकपमधे आमच्या पुण्याजवळच्या गहुंजेलाच झालं होतं, स्वतःच्या बॉलिंगवर पायानं बॉल अडवताना घोटा मुरगळला, तेव्हा लगेच स्कॅनला नेलं म्हणून बातम्या होत्या. आणि शमीचं त्यानंतर अकिलीसचं ऑपरेशन झालं. म्हणजे प्रत्येक मुरगळ्याला लगेच एमआरआय करायचा का?

सोनो_डॉक

नाही. त्यांना पुढच्या मॅचचा निर्णय दोन दिवसांत घ्यायचा असतो, आपल्याला ती घाई नसते. साध्या मुरगळ्याला एक्स-रेसुद्धा दर वेळी लागत नाही. त्यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मधे नियम बसवून दिलेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, टोकापासून ६ सेंटीमीटर वरपर्यंत, दाबून दुखतेय का, आणि मार लागल्यावर लगेच आणि दवाखान्यात चार पावलं टाकता येतायत का. (पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर तिथली दोन हाडं वेगळी बघतात.) मोठ्या माणसांत हाड दुखत नसेल आणि चार पावलं पडत असतील तर फ्रॅक्चरची शक्यता फारच कमी. एमआरआय किंवा सोनोग्राफी तेव्हा, जेव्हा मुरगळा सरायच्या वेळेत सरत नाही, घोटा अडकतो, सटकतो, टक् करतो, किंवा चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या बाईमाणसाचा आतल्या घोट्यामागे दुखून पायाचा कमानीचा भाग हळूहळू बसायला लागतो. हे शेवटचं टिबियालिस पोस्टिरियरचं दुखणं, चपला बदलून बदलून बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

सांगलीकर_ताई

मंडळी, अपडेट देतेय. पुण्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी आधी चांगला पाय बघितला, मग दुखरा. स्क्रीनवर मला सुरुवातीला नुसत्या करड्या रेघा दिसत होत्या, त्यांनी बोट ठेवून दाखवलं, हे पांढरं वळण म्हणजे हाड, त्याच्या मागे हे दोन गोल म्हणजे टेंडन. मग भावाला म्हणाले घे वर आणि फिरव बाहेर, आणि त्यातला एक गोल सरळ पांढऱ्या वळणावर चढला, पलीकडे गेला, पाऊल सोडल्यावर परत मागे. बाबा शेजारी उभे होते, ते 'अरे बापरे' एवढंच म्हणाले. तीनदा करून दाखवलं, व्हिडिओ क्लिप पण दिली पेनड्राइव्हवर. रिपोर्टमधे ब्रेविसमधे चीर नाही, पट्टा हाडावरून सुटलाय आणि टेंडन सटकतंय असं लिहिलंय. जुना एक्स-रे पण दाखवला, बाहेरच्या कडेला केसाएवढी कपची आहे म्हणाले, आधी लक्षात आली नव्हती. आता ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी पुढच्या आठवड्यात बोलणं आहे, ते ऑपरेशनकडे झुकतील असं दिसतंय. एमआरआयचे पैसे मात्र वाया गेले असं आई म्हणतेय.

सोनो_डॉक

ताई, चीर नाही ही फार चांगली बातमी. आणि आईंना सांगा, वाया अजिबात गेले नाहीत. खेळणाऱ्या पोरात पट्टा उखडून टेंडन सटकत असेल तर बऱ्याचदा ऑपरेशनचा सल्ला देतात, आणि त्यात सर्जनना ठरवायचं असतं की नुसता पट्टा परत हाडाला शिवायचा की हाडामागची खोबणही खोल करायची. खोबण मुळात खोल आहे, सपाट आहे की उलटी फुगीर आहे हे एमआरआयच्या आडव्या छेदांत दिसतं, घोट्याच्या टोकाच्या साधारण सेंटीमीटरभर वर. शिवाय ब्रेविसचा मांसल भाग खोबणीत फार खालपर्यंत उतरलाय का, किंवा पेरोनियस क्वार्टस नावाचा एखादा जादा स्नायू तिथे गर्दी करतोय का, तेही त्यातच बघायचं. तेव्हा नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, एमआरआयची सीडी न्या, सोनोग्राफीची क्लिप न्या, पहिला एक्स-रे न्या. सर्जनना विचारा खोबण कशी आहे. आणि त्यांना सीडी उघडायला वेळ नसेल तर वेळ असेल तेव्हाची अपॉइंटमेंट मागा.

फिजिओ_कोल्हापूर

आणि ऑपरेशन ठरलं तर त्याच बैठकीत विचारून घ्या की पायावर वजन कधी टाकायचं आणि पाऊल बाहेर फिरवायचा व्यायाम कधी सुरू करायचा, हे प्रत्येक सर्जनचं थोडं वेगळं असतं आणि लेखी असलं की आम्हालाही बरं पडतं. भावाला सांगा मला मेसेज करायला, ब्रेस नीट बसलाय का तेवढं व्हिडिओवर बघते.